रिंगा सरळ होत्या

काल शनिवारी, ता. १७ जानेवारी १९७६ रोजी, कै. रेवणप्पा आडत्यांच्या काळ्या मोटारीचे इंजिन माझ्या गॅरेजात उघडले. चारही पिस्टनच्या रिंगा सरळ बसवलेल्या निघाल्या. खुणेची बाजू वर, जशी हवी तशी. सिलिंडर बोअर करणारे इमामसाहेब यांनी भिंग लावून एकेक रिंग पाहिली आणि म्हणाले, "रिंगाँ सीधेच हैं, मिस्त्री. तुमारा भाई बी सीधाच था." हे मी मुद्दाम सर्वांत आधी लिहितो, कारण पुढची सगळी व्यवस्था त्यावर उभी आहे.

मी, महादेवप्पा संगप्पा हत्तुरे, वय ६३, धंदा मोटार इंजिन दुरुस्ती, राहणार होटगी रोड, सोलापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणाचे दडपण नाही; ते आणू शकेल अशी एकच व्यक्ती, पत्नी शिवबाई, सकाळच्या एस.टी.ने वैरागला गेली आहे. डॉक्टरांनी छातीला नळी लावून फक्त "विश्रांती घ्या" म्हटले, पण चाळीस वर्षे आवाजावरून इंजिन ओळखणाऱ्याला स्वतःचा आवाजही ओळखता येतो. धाकटा भाऊ चन्नवीर याला काहीही देऊ नये, असे मी १९७२ साली एका मृत्युपत्रात लिहिले होते. ते आजपासून रद्द समजावे.

१. राहते घर शिवबाईचे. तिच्यामागे ते मुलगी सुंदरम्मा हिचे. सुंदरम्मा माढ्याला शाळेत शिकवते. घर विकायचे की ठेवायचे हे तिला कळते, इतरांनी शिकवू नये. पोस्टातली शिल्लक शिवबाईची. तिने ती कशी खर्च केली, हे कोणी विचारू नये.

२. गॅरेज, त्याची जागा, चेन कप्पी, मायक्रोमीटर, रिंगा चढवण्याचा पट्टा आणि भिंतीवर टांगलेले एकूण एक पान्हे चन्नवीरला द्यावेत. याचे कारण लिहिणे मला भाग आहे.

सन १९७१ साली रेवणप्पांची मोटार आम्ही दोघा भावांनी मिळून नव्याने बांधली. सिलिंडर बोअर करून घेतले, नवे पिस्टन घातले. शाफ्टचे काम माझे, रिंगा चन्नवीरच्या. महिन्याभरात तक्रार आली की गाडी तेल पिते, शंभर किलोमीटरला पाऊण लिटर, आणि मागून निळा धूर सोडते. निळा धूर म्हणजे तेल जळते. नव्या इंजिनात मला एकच कारण दिसले. दुसरी रिंग उलटी बसली, तर ती तेल खाली खरवडण्याऐवजी वर ओढते.

गॅरेजात रेवणप्पा उभे होते, चार गिऱ्हाइके ऐकत होती. मी चन्नवीरला म्हणालो, "रिंगा उलट्या घातल्यास."

"अण्णा, मी डोळं मिटून बी नखानं खूण चाचपतो. उघडून बघा की."

"उघडायचं काय? धूर दिसतोय की सगळ्यास्नी."

त्याने पान्हा खाली ठेवला, हात पुसले आणि गेला. वैरागला पंपांची इंजिने दुरुस्त करू लागला. रेवणप्पांनीही इंजिन पुन्हा उघडू दिले नाही. "एकदा उघडलं त्येवढं बास झालं," म्हणाले, आणि मरेपर्यंत तेल ओतत राहिले. मी बांधलेल्या प्रत्येक इंजिनावर 'म. सं. ह.' ही अक्षरे पंचाने ठोकतो. त्या एका इंजिनावरची अक्षरे मी कानशीने घासून टाकली.

गेल्या भाद्रपदात रेवणप्पा वारले. दिवाळीनंतर त्यांच्या पत्नी काशम्मा यांनी मोटार माझ्याकडे पाठवली. "तुमच्या हातची हाय, तुमीच ठेवा. तिला तेल पाजून पाजून डायवर बी कंटाळला." मी ती दोन महिने चालवली, कुंभारीला, अक्कलकोटला. इंजिनातले तेल मोजायची पट्टी रोज काढून पाहिली. तेल उतरले नाही. धूर नाही. मालक बदलला म्हणून इंजिनातला दोष बरा होत नसतो. मग इतकी वर्षे तेल जात कुठे होते?

काशम्मांच्या घरी गेलो आणि ड्रायव्हरला म्हटले, रोज करायचास ते करून दाखव. गाडी धुतलेले पाणी गटाराकडे जावे म्हणून त्यांच्या शेडची फरशी मागे उतरती केलेली आहे. गाडी उभी राहते ती तोंड वर करून. रेवणप्पा रोज सिद्धेश्वराचे दर्शन घेऊन येत आणि गाडीचे पोट भरले आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बाजाराला निघत नसत. ड्रायव्हर तिथेच, त्या उतारावर, पट्टी काढून दाखवी. उतारावर तेल मागे सरकते, पट्टीवर कमी दिसते. मालक म्हणत, "वत." तो ओते. मुळात पुरेसे असलेल्या तेलात दीड लिटर जास्त. शाफ्ट ते तेल घुसळून वर उडवी, आणि एवढे तेल कितीही सरळ रिंगेला खरवडता येत नाही. जास्तीचे जळे, पट्टी पुन्हा कमी दाखवी, पुन्हा ओत. मी मोटार त्याच शेडमध्ये उभी केली, पट्टी अर्धी. बाहेर सपाटीवर आणली, पट्टी भरलेली. तेल तेच. तीन वेळा करून पाहिले.

आणखी एक गोष्ट, जी शिवबाईलाही सांगितलेली नाही. १९७१ साली गाडी तक्रार घेऊन आली, त्या दिवशी मी माझ्या सपाट फरशीवर पट्टी काढली होती. तेल खुणेच्या दोन बोटे वर होते. ड्रायव्हर म्हणाला, "आत्ताच वतलंय." मी पट्टी पुसून परत घातली. ती खरे सांगत होती. मी वाचून घेतले नाही. दोष रिंगेचा नव्हता, चन्नवीरचा नव्हता. तपासणाऱ्याचा होता, आणि तपासणारा मी.

शिवबाई म्हणाली, "धूर न्हाय, तेल न्हाय जात. मग आता उघडून काय बघायचंय?" मी तिला सांगितले, त्याला अंदाजावर घालवला, अंदाजावर बोलावणार नाही. ती म्हणाली, "तुमी इंजिनाचं लई ऐकता. माणसाचं बी आयका की कवातरी." ही पाच वर्षे ती माहेरी जाते असे सांगून वैरागला चन्नवीरकडे शेंगाचटणी पोचवत होती, हे मला माहीत होते. आज उघडपणे, डबा हातात घेऊन, निरोप द्यायला गेली आहे.

३. आजवर मी दोनशे अकरा इंजिने बांधली. पाच वर्षे मी लोकांना "एक सोडून सगळी नीट चालली" असे सांगत आलो. आजपासून "एक सोडून" म्हणायची गरज नाही, आणि हे मला मोठ्या अक्षरांत लिहावेसे वाटते. घासलेल्या जागी पुन्हा अक्षरे ठोकावीत. या वेळी माझ्या अक्षरांच्या आधी 'च. सं. ह.' ठोकावे.

४. चौकातला येडू पंक्चरवाला पाच वर्षे मला 'धुराडेवाले मिस्त्री' म्हणतो. त्याला काही देऊ नये. मात्र उघडलेले इंजिन पुन्हा जोडून झाल्यावर त्याला त्या मोटारीत मागे तोंड करून बसवावे आणि होटगीपर्यंत फिरवून आणावे. धूर निघाला तर त्याने खुशाल ओरडावे.

५. मोटार काशम्मांना परत द्यावी. शेडची फरशी सपाट करून घेण्यास सांगावे.

६. आम्हा लिंगायतांच्या रीतीने मला पुरताना नखांतले तेल घासून काढू नये. साबणाने जाते तेवढे जाऊ द्यावे.

वरील मजकूर माझा आहे, वाचून खात्री केली आहे आणि साक्षीदारांसमोर सही करतो. दोघांनाही यातून काही मिळणार नाही. चहा मिळाला आहे.

(सही) महादेवप्पा संगप्पा हत्तुरे

साक्षीदार :
(सही) इमामसाहेब हुसेनसाहेब शेख, बोअरिंग कारागीर
(सही) श्रीमंत बिरा लवटे, निवृत्त कारकून

सोलापूर, रविवार, ता. १८ जानेवारी १९७६

ता. क. साक्षीदार उठण्याआधीच शिवबाई परत आली. डबा रिकामा आहे. चन्नवीर परवा मंगळवारी सकाळच्या गाडीने येतो म्हणाला. त्याचा निरोप तिने सांगितला तसाच लिहितो : "येतो म्हनावं. पर गॅरेजची फरशी सपाट हाय का, आधी बघून ठिवा म्हनावं अण्णाला." इमामसाहेब अजून हसत आहेत. मी ताटलीत पाणी घालून पाहिले. फरशी सपाट आहे. पिस्टन रिंगांसकट टेबलावर तसेच ठेवले आहेत, वर धुतलेले फडके घातले आहे. मंगळवारी तो नखाने खुणा चाचपेल आणि इंजिन पुन्हा जोडील. मी स्टुलावर बसेन, मागेल तो पान्हा देईन आणि मधे बोलणार नाही.

(सही) म. सं. हत्तुरे
(साक्षीदारांच्या पुन्हा सह्या)