एकट्या झांजेबद्दल

प्रिय बाबा,

"दादा, झांज का भाकर हाय, अर्धी अर्धी तोडून खायाले?" आत्यानं, तुमच्या धाकट्या बहिणीनं, भर चावडीत तुम्हाला विचारलं होतं. इतकी वर्षं झाली, पण ते वाक्य चार दिवसांपासून डोक्यातून जात नाही. म्हणून लिहायला बसले. मधेच उठते, देवळाची पेटी उघडून पाहते, पुन्हा बसते.

तालुका तोडून नवं मंडल झालं आणि मागोमाग आपली पंचायतही फुटली. रस्त्याच्या अलीकडे आपण, पलीकडे आत्याचं सासर. देवळातल्या सामानाची वाटणी तुमच्यावर सोपवली, कारण तुम्ही कुणाचेच मिंधे नव्हता. सतरंज्या दोन-दोन, समया एक-एक. आणि झांजांची जोडी? तीही एक-एक! वर पंचांपुढे शब्द दिलात, इकडची वस्तू तिकडे जाणार नाही, तिकडची इकडे येणार नाही.

एकाच ओतातल्या त्या दोघी. आपटायच्या नाहीत, काठाला काठ लावून आवाज उठू द्यायचा, हे मला तुम्हीच शिकवलंत. मग तुम्हालाच कसं कळलं नाही? पुढे आपल्या झांजेसाठी आदिलाबादहून नवी जोडीदार आणलीत, तर दोघी नुसत्या खडखडल्या. तुम्ही भजनाला जाणंच सोडलंत. चुकलो, एवढं एकदा तरी म्हणायचं होतं ना!

तुमच्या तेराव्याला आत्या पदराआड तिकडची झांज घेऊन आली. म्हणाली, "एक डाव वाजवू दे वं बाई. त्याले आयकू जाईन." मी तुमचा शब्द राखला, नाही म्हटलं. ती न जेवता तशीच गेली. त्या दिवशी मी तुमची मुलगी होते की पंचांची?

आता देवळासाठी नवी घंटा ओतायची ठरली आहे. घरोघरचं कासं गोळा होतंय. बिनकामाची म्हणून आपली झांजही शनिवारी त्यात वितळणार. पेटीची किल्ली तुमच्यामागे माझ्याकडे आहे. सरपंच सांगून गेले, झांज काढून ठेवा.

शुक्रवारी मी ती आत्याकडे नेईन. कुणी विचारलं तर शब्द मी मोडला म्हणेन, तुमच्याकडे बोट दाखवू देणार नाही, हे वचन. तरी पाऊल निघत नाही. तुम्ही चष्मा पुसत नाहीच म्हणाल, ठाऊक आहे. तरी मागते, बाबा : एवढा एक शब्द मला मोडू द्या.

तुमची
सुमन