शववाहिकेच्या मागच्या अॅक्सलबाबत

प्रति,
मा. वाहन तपासणी अधिकारी,
वाहन तपासणी कार्यालय.

विषय : जुन्या पिकअपच्या (शववाहिका) मागच्या अॅक्सलमधील दात बदलल्यावरून रोखलेले योग्यता प्रमाणपत्र आजच्या आज मिळणेबाबत.

संदर्भ : (१) आपल्या निरीक्षकांचा शेरा : ‘चढावर भारासह गाडी उचलत नाही. दुरुस्ती करून आणावी.’
(२) त्याच निरीक्षकांचा त्यानंतरचा शेरा : ‘मूळ रचनेत बदल. पूर्ववत करून आणावी.’

महोदय,

‘चढ लागायच्या आधीच गिअर टाक. मध्यात थांबायचं नाही. आपल्या गाडीतलं माणूस एकदाच वर जातं,’ असे माझे यजमान मला गाडी शिकवताना सांगत. ते गेल्यापासून ही शववाहिका मीच चालवते. टेकडीवरच्या स्मशानभूमीपर्यंत जाणारी दुसरी गाडी इथे नाही.

१. गाडीच्या मूळ मापाचे टायर बाजारात मिळेनासे झाल्याने मोठ्या मापाचे बसवावे लागले. ते आपल्या कार्यालयाने मंजूर केलेले आहेत. टायर मोठे झाले की गाडीचा जोर कमी होतो, हे आपणांस मी काय सांगावे! सपाटीवर जाणवले नाही. पण शेजारच्या शिवणकामवाल्या मावशींच्या भावाला नेताना गाडी ऐन चढावर बंद पडली आणि मागे सरकू लागली. मागून चालणारी माणसे वाट फुटेल तिकडे पळाली. ब्रेक लागेपर्यंत आम्ही पुन्हा पायथ्याशी. मावशी फक्त एवढेच म्हणाल्या, ‘माझा भाऊ दोनदा निघाला गं.’

२. त्यानंतर आपला पहिला शेरा आला, तो मला मान्य होता. मिस्त्रींनी मागच्या अॅक्सलमधली दातेरी चक्रांची पेटी, म्हणजे डिफरेन्शियल, उघडून दाखवली. पिनियनच्या लहान चक्राला नऊ दात, क्राऊनच्या मोठ्या चक्राला सदतीस. त्यांच्याकडे दोन जोड होते. एक नऊ-एक्केचाळीसचा. दुसऱ्याच्या क्राऊनला त्याहूनही जास्त दात. त्यावर गाडी भिंतसुद्धा चढेल, पण सपाटीवर इंजिन बोंबलत राहील, असे ते म्हणाले. शोकाच्या गाडीने बोंबलू नये म्हणून मी पहिला घेतला. मोठ्या टायरने जेवढे बिघडवले, जवळपास तेवढेच त्या जोडाने सावरले. गाडी पूर्वीसारखी चढू लागली. वेगाचा काटाही, जो टायर बदलल्यापासून कमी वेग दाखवत होता, खरे बोलू लागला.

३. काटा खोटा बोलत होता तेव्हा, टायर मंजूर करताना, आपण गाडी पास केलीत. खरा बोलू लागला आणि नापास केलीत. अॅक्सलवरच्या पट्टीवर ‘९/३७’ असे कोरले आहे आणि आत एक्केचाळीस निघाले, एवढाच आक्षेप आहे. जुने दात घातले तर गाडी चढावर पुन्हा नापास होणार नाही का, असे मी हात जोडून विचारले. निरीक्षक म्हणाले, ‘होईल ना! मग दुरुस्ती करून आणा.’ मूळ टायर आणा म्हणाले; ते कुठेच बनत नाहीत. कंपनीचे पत्र आणा म्हणाले. कंपनी केव्हाच बंद पडली; लोक तिला या गाडीपेक्षाही जास्त विसरले आहेत.

४. शेवटी निरीक्षकांनी मनापासून एक उपाय सुचवला : ‘ताई, जुने दात घाला आणि गाडी उलटी चढवा. मागच्या गिअरला जोर जास्त असतो.’ हे तांत्रिकदृष्ट्या खरे आहे. परंतु महोदय, लोक शववाहिकेच्या मागून चालतात. मी त्यांच्या अंगावर गाडी घालत वर जावे काय? माझ्या गाडीतल्या मुख्य प्रवाशाने वेगाबद्दल आजवर तक्रार केलेली नाही. दिशेबद्दल ती वेळ मला येऊ द्यायची नाही.

या अर्जात आवाज चढल्यासारखा वाटल्यास क्षमा असावी. दिवसभरात कुणाशी चढ्या आवाजात बोलायचे नाही, असा माझा रोजचा नेम आहे. मोडला की दुसऱ्या दिवशी उपास. आपल्या कार्यालयात खेपा सुरू झाल्यापासून मी इतकी वाळले आहे की स्टिअरिंगमागे उशी घेऊन बसावे लागते. आज मात्र पाणीही घेतलेले नाही, त्याचे कारण वेगळे आहे. ज्या दिवशी कुणाला न्यायचे असते, त्या दिवशी ते माणूस वर पोहोचेपर्यंत मी पाणी घेत नाही.

आज पहाटे शिवणकामवाल्या मावशी गेल्या. गेल्या आठवड्यात त्यांनी माझा हात धरून म्हटले होते, ‘मला एकदाच ने हं. मागे नको येऊ देऊस.’ मी हो म्हटले आहे.

तरी गाडी आहे त्या दातांवर पास करावी. पट्टीचाच प्रश्न असेल तर नवी पट्टी कोरून घेण्याची माझी तयारी आहे. जुने दात घालून मला चढावर पाठवू नये.

आपली नम्र,
शववाहिकेची मालक व चालक
(आपल्या कार्यालयात ‘हळूताई’ म्हणून ओळखतात ती)
दिनांक : मावशी गेल्या तोच दिवस, सकाळी

सोबत : दोन्ही शेऱ्यांच्या प्रती, मिस्त्रींचा दाखला, जुने क्राऊन-पिनियन पिशवीत घालून (जड आहे, खिडकीच्या काचेवर ठेवू नये).

ता. क. : खिडकीवरचे भाऊसाहेब आत्ताच म्हणाले, साहेब बैठकीला गेलेत, अर्ज उद्या पुढे सरकेल. मावशींना उद्यापर्यंत ठेवता येणार नाही. म्हणून पोच घेऊन मी निघते. होईल तो दंड परतताना येऊन भरीन. मला अडवायला माणूस पाठवायचा झाल्यास त्याला टेकडीच्या पायथ्याशी उभे करावे, ही विनंती. एकदा चढ लागला की मी थांबणार नाही.