शिवेच्या आतला संकल्प

५ नोव्हेंबर, सकाळी ७
आजपासून खर्रा बंद. काल अमरावतीच्या दातांच्या डॉक्टरणीने तोंडात तीन बोटं घालायला लावली. दोनच गेली, तीही ओढूनताणून. सुपारी-तंबाखूचा हा खर्रा सोडला नाही तर घास जाणार नाही म्हणाली. अपेक्षा घरी येईपर्यंत रडली. पोरगी हळवी आहे.
मोबाईलवर एक जण सांगत होता, आपला संकल्प चारचौघांत जाहीर करा, मग लाजेने पाळला जातो. लाज मला भरपूर आहे. दत्ताच्या देवळात पाणी सोडून संकल्प केला. पुजारी केशवरावांनी देवळाच्या फळ्यावरचा सुविचार पुसून लिहिलं : खुशालराव, खर्रामुक्त, दिवस १.

७ नोव्हेंबर
हे गाव आहे की पोलीस चौकी? पानठेल्यावर नुसता उभा राहिलो तर ठेलेवाल्याने डबा झाकला. वीस वर्षांचं गिऱ्हाईक मी! शेजारच्या पार्बताबाईने रस्त्यात थांबवून विचारलं, गाल कावून फुगला गा? दाढ दुखते म्हणालो. दुखतेच.

११ नोव्हेंबर, पहाटे
झेंडू घेऊन अमरावतीच्या फूलबाजारात. वाटेत चिंतन केलं. संकल्पाचं पाणी सोडताना केशवरावांनी गावाचं नाव उच्चारलं होतं. संकल्पाला स्थळ असतं ते उगाच नाही. म्हणजे तो शिवेच्या आतच लागू. लोकांना एवढं बारीक कळत नाही.
बाजारात अर्धा खर्रा. उरलेला शिवेच्या आत नेता येत नाही, म्हणून तोही तिथेच संपवला.

१५ नोव्हेंबर
दिवस ११. बाजारात आता रोज जावं लागतं. फुलं नसली तरी भाव पाहावे लागतात. बायको, सीमा, म्हणाली, टोपली तर रिकामी हाये, काय इकून राहिले तुमी? बायकांना मार्केटिंग कळत नाही.

२२ नोव्हेंबर
केशवराव म्हणाले, तुमचं पाहून मीबी सोडला, भाऊ. काही माणसांना स्वतःची अक्कल नसते.

३० नोव्हेंबर
अकोल्याला मेव्हण्याकडे दोन दिवस. अकोला तर जिल्हाच वेगळा. चार झाले. मन शांत.

४ डिसेंबर, सायंकाळी
दत्तजयंती. दिवस ३०. शाल, नारळ, टाळ्या. निग्रहावर पाच मिनिटं बोललो. मग केशवरावांनी तोंड गोड करायला अख्खा लाडू पुढे केला. आ करा म्हणाले. केला. मोठा करा ना, म्हणाले. हाच मोठा होता. लाडू ओठांवर फुटून शालीवर सांडला. लाजून राहिला माणूस, म्हणत सगळे हसले. केशवरावांनी दुसरा लाडू स्वतःच्या तोंडात अख्खा टाकला.
अपेक्षा हसली नाही. पुढे आली, माझा हात धरून माझीच बोटं माझ्या तोंडाशी नेली. एक गेलं. दुसरं अडलं. सगळ्यांसमोर.
रडली नाही. ओढणीने फळा पुसला. उद्यापासून फुलं मी नेईन बाजारात, बाबा, तुमी घरीच राहा, म्हणाली. सीमाने टोपली तिच्या खोलीत नेऊन ठेवलीसुद्धा.
म्हणजे उद्यापासून मी शिवेच्या आत.