सोयाबीनची वाळकी फांदी

बोरी. बुधवार, श्रावण. दिवेलागण.

भीती वाटायलीय. दुपारी बाबांच्या शेती-औषधांच्या दुकानात माधवकाका आले, सोयाबीनची वाळकी फांदी घेऊन. "कशानं वाळायलंय, बघ की माय." मी फोटो काढला. फोनमधल्या पीकरोगाच्या ॲपनं लगेच सांगितलं, बुरशी. मी बुरशीचं औषध दिलं. "पण बुरशीच कशावरून?" काकांनी विचारलं. मी फोन पुढं केला. शिकलेली पोरगी म्हणून ते औषध घेऊन गेले.

फांदी गल्ल्यावरच राहिली. बाबा असते तर त्यांनी आधी ती उभी चिरून बघितली असती. मला का सुचलं नाही? परभणीला चार वर्षं शेतकी शिकले ना मी?

आत्ता ब्लेडनं चिरली. आत पिवळी अळी, जिवंत. बुरशी नाहीच! काकांना फोन लावला, तर काकूनं उचलला. "ते फवारायला गेलेत." आणि दुकान माझ्याकडं आल्यापासून, गेल्या पंधरा दिवसांत, मी असं अजून कुणाकुणाला दिलं?

या अळीचं चित्र मी परीक्षेत काढलं होतं. नाव आठवेना. चिरलेली फांदी एका हातात धरून आठवत बसले, आणि बघते तर दुसऱ्या हातानं मी तिचा फोटो काढत होते.