पौर्णिमेचा बॅकअप

११ फेब्रुवारी १९९८, पौर्णिमा
वंदना झाली. पंचशील घेतलं. आजपासून दर पौर्णिमेला बॅकअप. हर्षल गेल्या आठवड्यात पुण्याहून आला तेव्हा नीट शिकवून गेलाय. त्याच्या कामाच्या मूळ फाईली या घरच्या कॉम्प्युटरवर, नक्कल फ्लॉप्यांवर, आणि एक नक्कल नेहमी दुसऱ्या घरी. ती न्यायला तो महिन्याच्या महिन्याला येणार. फाईलींसाठी. मला काही तसं नाही. मला भरपूर कामं असतात.

१३ मार्च
सात फ्लॉप्या भरल्या. जुन्या पांढऱ्या पातळाचं कॉम्प्युटरला कव्हर शिवलं. शेजारच्या छबूबाई दारातूनच म्हणाल्या, पोरगं येत न्हाई म्हनून यंत्राला न्हाऊमाखू घालता व्हय! मी सांगितलं, फडकं कोरडं वापरते.
हर्षल आला नाही. बरंच झालं. दोन फ्लॉप्यांवरची नावं सुवाच्य नव्हती.

११ एप्रिल
आला नाही. बॅकअप वेळेवर. यावेळी एकेक फाईल उघडून तपासली. वाचण्यासाठी नव्हे. एक रजेचा अर्ज निघाला, जानेवारीतला. 'आईची प्रकृती अत्यवस्थ असल्याने नगरला जाणे भाग आहे.' जानेवारीत मी ठणठणीत होते. तो आलाही नव्हता.
शुद्धलेखन उत्तम आहे.

११ मे, बुद्धपौर्णिमा
खीर केली, दोघांपुरती. दुपारी एसटीडी बूथवरून फोन लावला. म्हणाला, आई, लोड आहे गं, पुढच्या महिन्यात बघू. तर माझ्या तोंडून निघालं, दोन फ्लॉप्या उघडत नाहीत.
सकाळीच चौथं शील घेतलेलं, खोटं बोलणार नाही म्हणून. पण आज मी त्या उघडून पाहिल्या कुठे होत्या? न पाहिलेली फ्लॉपी उघडते म्हणणं तरी खरं कसं?
चांगलाच घाबरला. रविवारी येतो म्हणाला.

१७ मे, रविवार
आला. मित्राची गाडी घेऊन, मित्रासकट. जयभीम आई म्हणत थेट कॉम्प्युटरपाशी. सातही फ्लॉप्या उघडल्या. मी म्हटलं, बघ, घरचा पाय लागला की सुधारतात. हसला नाही. म्हणाला, इथं भरवसा नाही, आई. सगळं पुण्यालाच नेतो, तुलाही ताप नको.
वीस मिनिटांत कॉम्प्युटर गाडीत. मित्राला घाई होती. पोळ्या डब्यात दिल्या. डबा परत आणायला तो येईलच. चांगला डबा आहे.

१० जून, पौर्णिमा
वंदना. पंचशील. चौथं दोनदा म्हटलं.
डबा काल आला, छबूबाईंच्या पुण्यातल्या भाच्याबरोबर. घासलेला होता.
टेबल पुसलं. कव्हर धुऊन घडी घातली. फ्लॉप्या त्याने इथेच ठेवल्यात. एक नक्कल दुसऱ्या घरी हवी, हा त्याचाच नियम. तेव्हा दुसरं घर आता हे.
उघडायला यंत्र नाही. सात मोजल्या, सात भरल्या.
बॅकअप झाला.