गोड खाल्लं की उठंल

प्रिय अक्का,

तुला लिहायचं मी चार वर्षं टाळलं. दोनदा बसलो होतो, नाही असं नाही. एकदा सणसवाडीच्या खोलीवर, तर शेजारच्या बिहारी पोरांनी पत्ते मांडले आणि मी तिकडं सरकलो. एकदा केडगावच्या स्टेशनात. 'प्रिय अक्का' एवढं लिहिलं, तेवढ्यात समोरच्या बाकावर एक म्हातारा कोंबडीला शेंगदाणे भरवायला लागला. ते बघत बसलो आणि गाडी आली. माझं असंच असतं, तुला माहिती आहे.

आज मात्र कुठं सरकायला जागा नाही. दौंडच्या एका दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलोय. आत आपली धाकटी सुमन आहे. तिला आठवा लागलाय, आणि पोटातलं लेकरू कालपासून गप आहे.

आता कळलं का लिहितोय?

रागानं लिहितोय, हे आधीच सांगून ठेवतो. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. म्हणू देत.

तुझ्या डोहाळजेवणाचा फोटो आईनं मोठा करून भिंतीवर लावलाय. हिरवी साडी, फुलांचा मुकुट, हातात फुलांचा धनुष्यबाण. आणि हसतीयेस. येणारा-जाणारा म्हणतो, काय गोड हसतीय पोर. लोक म्हणतात सोपानच्या पायाला भिंगरी आहे, घरात टिकत नाही. भिंगरी कसली? तो फोटो आहे. त्याच्याखाली बसून मला भाकरी गिळवत नाही.

कारण मला माहिती आहे ना. फोटोच्या आधी चुलीमागं तू मला काय सांगितलंस?

"परवापासनं नीट हाललं न्हाई रे."

"आईला सांग की."

"सांगितलं. ती म्हणली झोपलं आसंल. गोड खा, गोड खाल्लं की उठंल."

"मग चल दौंडला. आत्ता."

"गप. बायका आल्यात. तमाशा करू नगंस. उद्या जाऊ."

उद्या. हा शब्द कुणी काढला ना, तर अजून माझं डोकं फिरतं.

आणि मग तू खात सुटलीस. तुला गोड कधी आवडायचं? तुझा जीव भेळीवर. शिरूरच्या बाजारात आईच्या पदराला लोंबकाळून भेळ मागायचीस, आणि मला त्यातली फक्त मिरची द्यायचीस. ते राहू दे. त्या दिवशी तू लापशी खाल्लीस, पेढा खाल्लास, बर्फी खाल्लीस, बुंदीचा लाडू खाल्लास आणि शेजारणीच्या ताटातलाही उचललास. एक काकू म्हणाली, "काय गं, दुष्काळातनं आलीस व्हय?" दुसरी म्हणाली, "पोरगाच हाय. बघा कसा वरपतोय." सगळ्या हसल्या. तूही हसलीस. एका हातानं पोट दाबून धरलं होतंस आणि मान खाली घालून थांबली होतीस, बंद दाराला कान लावून थांबावं तशी. मग पुन्हा एक लाडू.

बायकांना वाटलं डोहाळे. तू त्याला उठवत होतीस, अक्का. भरल्या पंगतीत, एकटीच.

पहाटे पोट दगडासारखं झालं, रक्त जायला लागलं. जीप मिळेस्तोवर उजाडलं. दौंडला म्हणाले, पुण्याला न्या. पुणं काही तुला दिसलं नाही. लेकरू तर तुझ्याही आधी गेलं होतं.

दाजींनी वर्षाच्या आत दुसरं केलं. त्यांच्यावर रागवायचं राहूनच गेलंय, रांगेत आधी बरीच माणसं उभी आहेत. आई आहे, त्या काकू आहेत. सगळ्यात पुढं तू आहेस. मास्तरांनी मला छडीनं फोडलं तेव्हा शाळेत जाऊन त्यांच्या तोंडावर भांडली होतीस ना? माझ्यासाठी तुला तोंड होतं, मग स्वतःसाठी का नव्हतं? पंगत मोडली असती, बायका चार दिवस बोलल्या असत्या. बोलू द्यायचं होतंस की गं. आज तुझं पोरगं मला मामा म्हणत माझ्या खिशात हात घालत असतं.

तर आता आजचं ऐक. मी ट्रकवरनं बेळगावची खेप करून काल घरी आलो. सकाळी बघतो तर तोच मांडव, तीच खुर्ची, आणि सुमनच्या केसात गजरे माळणं चाललेलं. ती केंदूरला दिलेली, माहेरच्या कौतुकासाठी आलेली. मला बघून हळूच म्हणाली, "दादा, काल दुपारपासनं हालंना."

"आईला बोललीस?"

"व्हय. लापशी खा म्हणली."

मी आईपुढं जाऊन उभा राहिलो. अक्काचं काय झालं म्हणालो. तिनं ताट खाली आपटलं. "शुभ दिवस हाय. तिचं नाव आज काढू नगंस."

आज नाही तर कवा काढायचं?

आचाऱ्याची भांडी घेऊन आलेला टेम्पो दारात होता. मी सुमनला पुढं बसवलं आणि वर चढलो. ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, भांडी तरी उतरू द्या. आचारी माझा उद्धार करंल." मी म्हटलं, करू दे. मागनं आईचा आवाज आला, "आत्ता गेलास तर परत ह्या दारात येऊ नगंस." सगळ्या वाटेनं पातेली वाजत होती. सुमन रडत होती की हसत होती, मला समजलं नाही.

डॉक्टरीण बाई आपल्याच वयाच्या आहेत. त्यांनी विचारलं, काल का नाही आणलंत? मी म्हणालो, आज डोहाळजेवण होतं. मग त्या सबंध व्हरांड्याला ऐकू जाईल असं बोलल्या. "बाळ नेहमीपेक्षा कमी हललं की लगेच यायचं. झोपलंय म्हणून घरी बसायचं नाही, गोड खाऊन वाट बघायची नाही." मला वाटलं, उठून त्यांना आपल्या मांडवात नेऊन उभं करावं. चार वर्षांपूर्वीच्या.

लेकराचे ठोके लागलेत, अक्का. दाराबाहेर मला ऐकू आले. पण मनासारखे नाहीत म्हणाल्या. ऑपरेशनची तयारी चाललीय. मी कागदावर सही केली, सुमनच्या मालकांना एसटीडीवरनं निरोप धाडला. आता नुसता बसलोय.

तुला एक शब्द देतो. जेवण संपेस्तोवर एका जागी न बसणारा मी, ते लेकरू बाहेर येऊन रडेपर्यंत ह्या बाकावरनं उठणार नाही. आणि यापुढं आपल्यातली कुठलीही पोर 'हालंना' म्हणाली, की मी पंगत मोडीन. दरवेळी मोडीन. मग दारात घेवोत न घेवोत.

राग अजून गेलेला नाही.

तुझा,
सोपान

सही करून मान वर केली तर फाटकातनं आई येतीय. एकटी, अनवाणी. तू गेल्यापासून तिनं दौंडच्या वाटेवरचा नदीचा पूल ओलांडला नव्हता, बाजारालासुद्धा नाही. मी उठलो नाही, तिनंही माझ्याकडं बघितलं नाही. आत निघालेल्या नर्सचा हात तिनं दोन्ही हातांनी धरलाय आणि म्हणतीय, "बाई, माझ्या पोरीचं लेकरू हालंना. आत्ता बघा. आत्ता."