बोरिंगला बांधलेली तार

४ मार्च १९८४, रविवार

आला एकदाचा स्टॅबिलायझर! साकोलीपासून मांडीवर घेऊन आलो. कंडक्टर म्हणे, "सर, लेकरू धरल्यावानी काय धरून राहिले जी?" धरणारच! या गावात संध्याकाळी राईस मिल सुरू झाली की व्होल्टेज एकशे साठवर येतं. तबकडी हळू फिरते, आणि चांगला गाणारा माणूस घसा बसल्यासारखा रडायला लागतो. वर्षभर हेच सोसलं.

आता बटण दाबलं, काटा थरथरला अन् दोनशे तीसवर जाऊन थांबला. बासरीची तबकडी लावली. दोन्ही स्पीकर मोकळे झाले! वाजवणारा श्वास घेतो तोसुद्धा ऐकू आला. चंद्रकलाला हाक मारली. ती पोळी तव्यावर टाकून आली, मिनिटभर उभी राहिली आणि म्हणाली, "पयलेही असंच वाजे." बायकोला काय सांगावं!

पण एक आहे. बासरी थांबली की मागे बारीकशी घूं उरते.

६ मार्च

घूं.

११ मार्च, रविवार

खुशालला बोलावून घेतलं. साकोलीत त्याचं रेडिओदुरुस्तीचं दुकान आहे, हात चांगला आहे, तोंड मात्र सदा तंबाखूच्या खर्ऱ्यानं भरलेलं. अर्धा घंटा सगळं उघडून पाहिलं, बाहेर जाऊन थुंकून आला आणि म्हणाला, "स्टॅबिलायझर बेस हाय सर. तुमची परतीची तार खराब हाय."

म्हणजे असं. वीज खांबावरून एका तारेनं घरात येते आणि दुसऱ्या तारेनं परत जाते. ती परतीची तार आमची आणि मिलची एकच. मिलच्या मोटारीचा सगळा कचरा तिच्यातून माझ्या बासरीत येतो. खुशाल म्हणे, "खांबावर परत कायले पाठवता? जमिनीत पाठवा."

अंगणात सळई ठोकून पाहिली. मुरूम कोरडा ठाक, काही जमलं नाही. मग त्यानं मागच्या भिंतीवरून डोकावून पाहिलं. भिंतीला लागूनच गावाची बोरिंग. हातपंपाची लोखंडी नळी दीडशे फूट खाली, थेट पाण्यात! मोरीच्या भोकातून स्टॅबिलायझरची परतीची तार बाहेर काढली, पंपाच्या पायथ्याशी नळीला आवळली, वरून चिखल थापला.

घूं गेली. पार गेली! मी अक्षरशः खुशालचा हात धरला.

जाताना तो म्हणाला, "लाइनमनले दिसू देऊ नका. अशानं मीटर कमी फिरते. चोरी म्हनतीन, नोकरीवर येईन." मी विचारलं, बोरिंगवर बायका येतात, काही धोका? "काई नाई जी. पानी पिऊन टाकते सारं."

पानी पिऊन टाकते! मी आठवीला विज्ञान शिकवतो. माझ्या मनात शंका आली होती. आली आणि मी तिला बसायलाही सांगितलं नाही.

१२ मार्च

तीच तबकडी तीनदा. चंद्रकला : "ह्या बासरीवाल्याले तरी थकू द्या!"

१९ मार्च, सोमवार

दिवेलागणीला तबकडी लावून डोळे मिटून बसलो होतो. भिंतीमागे एकदम किंकाळी. मी — लिहायची लाज वाटते — उठलो आणि आधी आवाज वाढवला. म्हटलं होळीचा धिंगाणा अजून सरला नाही.

चंद्रकलाच धावत गेली. शेजारच्या गोमाजीची सून, रुखमा. पाण्याचा गुंड हातातून पडून चेपलेला, पोरगी बोरिंगच्या ओट्यावर बसलेली, उजवा हात झटकत. "हातातून काई तरी सरकन गेलं माय!" दिघोरीची पोर, मागच्या वैशाखात लग्न होऊन आली. सकाळचं पाणी सासू भरते, म्हणून हिच्या वाट्याला संध्याकाळचं, दिवसभर कामावर जाऊन आल्यावर. सासू कुंताबाई गुंडाला पोचा पडला म्हणून बोलत होती, पोरीकडे कोणी पाहिलं नाही.

२१ मार्च

आज पुन्हा. तीच वेळ, तीच पोरगी.

मला कळलं. कळलंच. तरी खात्री करायची म्हणून तबकडी चालू ठेवली, बादली घेतली, चपला काढल्या आणि ओल्या ओट्यावर जाऊन दांडा धरला. झिन्न! कोपरापर्यंत. घरी येऊन बटण बंद केलं, पुन्हा जाऊन धरला. काही नाही.

चंद्रकला रोज तिथूनच पाणी आणते, तिला कधी लागलं नाही. तिच्या पायात रबरी स्लीपर असते. रुखमाच्या पायात काही नसतं.

उद्या तार काढतो.

२२ मार्च

काढली नाही. भर उजेडात बोरिंगवर बसून तार सोडताना कोणी पाहिलं तर? चोरी म्हणतील. मास्तराची चोरी! त्यापेक्षा वाजवायचंच नाही. नाही वाजवलं तर तारेत काय आहे? नुसतं तांबं.

२५ मार्च, रविवार

तीन दिवस मुकं घर. आज दुपारी बोरिंगवर चिटपाखरू नव्हतं. म्हटलं एक बाजू ऐकू. एक बाजू ऐकली, मग दुसरी. संध्याकाळीही लावली — पंधरा मिनिटं फक्त, ती यायच्या आत बंद करायची, असं घड्याळ समोर ठेवून ठरवलं.

घड्याळाकडे पाहिलंच नाही. किंकाळी ऐकली तेव्हा पाहिलं.

धिक्कार असो तुझा, घनश्याम.

२८ मार्च

बायकांनी परीक्षा घेतली म्हणे. सकाळी सात-आठ जणींनी पंप हाणून पाहिला — कोणालाच काही नाही. रविवारी संध्याकाळी रुखमाला लागलं तेव्हा पाण्याला आलेल्या सुलोचनाबाईनं तिला उठवून दांडा धरला होता — तिलाही लागलं. मग निवाडा व्हायला किती वेळ! रुखमा असते तेव्हा लागते, नसते तेव्हा नाही. रविवारपासून तिला पंपाला हातही लावू देत नाहीत. चूक कुठे आहे सांगा? मीच शिकवतो पोरांना, पाहा, नोंदवा, निष्कर्ष काढा. फक्त त्यांच्या नोंदीत माझी बासरी नाही, आणि ती मुकी होती ते तीन दिवसही नाहीत.

कुंताबाई चंद्रकलाजवळ म्हणाली, "पोरीले बाहेरचं लागलं हाय. दिघोरीवाल्यायनं आमाले फसवलं." आणि वर, "तुमाले काई होत नाई बाई, तुमी देवाधर्माच्या." चंद्रकला हे कौतुकानं सांगत होती. मी ताटात मान घातली.

आठवीच्या वर्गात एक पोरगं उठलं. "सर, बोरिंगमंदी भूत असते का जी?" मी म्हटलं, भूत कुठेही नसतं, प्रत्येक गोष्टीला कारण असतं. "मंग बोरिंगचं कारन काय, सर?"

मी म्हटलं, पुस्तक काढा.

३० मार्च, शुक्रवार

भगत आणला. लिंबू, काळं कोंबडं, शेंदूर. पोरीला बोरिंगसमोर दीड घंटा उन्हात बसवलं. शेवटी बोलला, "हे हिच्या माहेराहून हिच्या संगं आलं. पाडव्याच्या आंदी हिले माघारी पाठवा. गावात ठेवसान तं पानी आटन."

पाणी आटन म्हटल्यावर सगळ्यांनी गोमाजीकडे पाहिलं. गोमाजी बिचारा वाईट माणूस नाही. मान खाली घालून "हो जी" म्हणाला. तिचा नवरा खालमानेनं माती उकरत उभा.

मीही तिथेच उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. एक! डोळ्यांसमोर लाइनमन, मीटर, हेडमास्तरांची खोली, सगळं येऊन गेलं. मी भिणारा माणूस आहे. हे आज पहिल्यांदा शाई वापरून लिहितो.

३१ मार्च

सकाळच्या गाडीनं गेली. पत्र्याची पेटी, एक बोचकं. दारावरून जाताना थांबली, माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, चांगली उभी राहिली. मला वाटलं काही बोलेल. "येते सर," एवढंच.

अंधार पडायच्या आत मी बोरिंगवर गेलो. कोणी पाहो की न पाहो! तार सोडली, ओढून घेतली, गुंडाळून माळ्यावर टाकली. सुटलो असं वाटलं.

२ एप्रिल, पाडवा

अरे देवा. मी काय करून बसलो!

आज बायकांनी बोरिंगला हळदकुंकू वाहिलं. संध्याकाळी मुद्दाम, दिवेलागणीला, दहा-बारा जणींनी अनवाणी पंप हाणला. काही नाही. साखरेच्या गाठ्या वाटल्या. "बाई गेली, बाधा गेली!" कुंताबाई रडत-हसत सांगत होती. भगताला धोतरजोडी देणार आहेत.

तार काढायची होती तर एक दिवस आधी काढायची! ती इथे असताना सगळ्यांसमोर तिनंच शांत पंप हाणला असता तर तिच्यावरचं बालंट टळलं असतं. आणि काढायचीच नव्हती तर ती गेल्यावरही तबकडी लावताच झिणझिण्या आल्या असत्या, लोक म्हणाले असते, पोरीचा काय दोष? मी नेमकी ती गेली त्याच दिवशी काढली. आजवर नुसता संशय होता. त्याचा पुरावा मी करून दिला, माझ्या हातानं!

जेवण गेलं नाही. चंद्रकलानं कपाळाला हात लावून पाहिला.

७ एप्रिल

गोमाजी मुलासाठी दुसरी सोयरीक पाहून राहिला आहे. कुंताबाईनं आमच्या ओसरीवरच बसून सांगितलं.

८ एप्रिल, रविवार

चंद्रकलाला सांगितलं. सगळं. ती शेंगा फोडत होती. हात थांबले. सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "मी त्या पोरीले जवळ घेऊन बसली होती. थरथरत होती. अन् तुमी आतमंदी बासरी आयकून राहिले होते." मी म्हटलं, नोकरी... "नोकरी गेली तं जाऊ द्या. धान रोवाले जाईन मी. पयले गोमाजीकडे जा."

गेलो. गोमाजीनं खाट टाकली, चहा मागवला. मी तार, स्टॅबिलायझर, परतीची वीज, सारं सांगितलं. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं, आणि त्याचे डोळे भरून आले. मला वाटलं, आता मारतो. तो माझ्या पायाकडे वाकला! "सर, तुमी देवमानूस. पराया पोरीसाठी आपल्या अंगावर चोरी घेऊन राहिले. पन खोटं नोका बोलू जी. सारं गाव पाह्यते, ते गेली अन् बंद झालं."

शप्पथ घेतली. त्यानं जास्तच हात जोडले.

मला शिव्या हव्या होत्या. मिळाला चहा!

१० एप्रिल, मंगळवार

माळ्यावरून तार काढली. आज लपून नाही. पाच वाजता, सगळ्यांसमोर, शाळेतली पोरंही आली. नळीला बांधली, मोरीतून घरात नेली. चंद्रकलाला स्टॅबिलायझरजवळ बसवलं. मी ओट्यावर अनवाणी. "लाव!" बासरी सुरू झाली, आणि माझा हात झिणझिणला. "बंद कर!" काही नाही. "लाव!" मग गोमाजीला म्हटलं, धर. धरला. सोडला. पुन्हा धरला. त्याचा चेहरा मला जन्मभर पुरेल.

भगतही आला होता. म्हणे, "मास्तरच्या अंगात आलं आता." पोरांनी त्याला धरून पंपावर उभा केला. असा उडाला की धोतराचा सोगा सुटला, सगळे हसले. मला हसू आलं नाही.

कुंताबाई हसली नव्हती. ती पुढे आली. "म्हनजे तुमच्या गान्यापायी आमी सून हाकलली?"

"हो."

"अन् तुमाले मालूम होतं?"

"एकवीस तारखेपासून."

ती थुंकली. माझ्यावर नाही, बाजूला. पण थुंकली. शिवी यायची वाट पाहत होतो, तीही आली, खास झाडीपट्टीतली. खरं सांगतो, बरं वाटलं.

परवा गोमाजी सुनेला आणायला दिघोरीला जाणार. मी म्हटलं, मी येतो. त्यानं गाडीची वेळ सांगितली. हेडमास्तरांना सगळं लिहून दिलं आहे. पुढे होईल ते होईल.

१२ एप्रिल, गुरुवार. दिघोरीहून आल्यावर

रुखमा सासऱ्याबरोबर आली. एसटीत चढायच्या आधी मी माफी मागितली. ती म्हणाली, "तार मले पह्यल्या दिवशीच दिसली होती, सर. पान्यानं चिखल वाहून गेला होता. लाइनवाले तुमाले पकडतीन म्हनून मीच उलसाक चिखल लावला तिच्यावर. म्हटलं, सर सोताच सांगतीन."